वॉर्सातलं जास्तीचं ताट

वॉर्सा,
४ नोव्हेंबर २०२४

ती. गोदावहिनींस सप्रेम नमस्कार.

"त्या घरातून फोन आला तर मी उचलणार नाही, तू बोलता बोलता हळूच तिच्या हातात देशील," अशी तुमची निघतानाची ताकीद. म्हणून कागद-पेन घेऊन बसले आहे. सुखरूप पोचले. थंडी अशी आहे की नाक आपलंच आहे की कुणाचं उसनं आणलंय, हे चाचपून बघावं लागतं.

सानवी विमानतळावर आली होती. तोमेकही होता. जावयाचं नाव तुम्ही घेत नाही, म्हणून मी सुरुवातीलाच घेऊन टाकते, म्हणजे पुढे अडायला नको. उंच आहे, कमी बोलतो. सानवीने केस कापलेत. मला मिठी मारली आणि मग माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे बघत राहिली. मी म्हटलं, "एकटीच आले गो." ती म्हणाली, "हो, माहितेय काकू." तरी पुन्हा एकदा बघितलंच.

तिने बोलावलं होतं आपल्याला दोघी जावांना. तिने परस्पर लग्न केलं, त्यावर तुम्ही "मी तुला मेले असं समज" म्हणून फोन ठेवलात, त्याला दोन वर्षं होऊन गेली. आता ते उगाळत नाही. येताना म्हणाला होतात तिकडचं काय बघितलंस ते लिही, तर तेच लिहिते.

एक तारखेला तुमच्याकडे लक्ष्मीपूजन. मी इथे उदास बसले होते. दिवेलागणीला सानवी म्हणाली, "चल, तुला दिवे दाखवते." आणि कुठे न्यावं? स्मशानात! मी दारातच थबकले. पण आत बघितलं तर आख्खं शहर लोटलेलं. पोरंबाळं, म्हातारी माणसं, हातात फुलं, आणि प्रत्येक कबरीवर काचेच्या भांड्यात दिवे. त्या दिवशी इथला प्रत्येक माणूस आपल्या मेलेल्यांना दिवा लावतो. ज्यांचं कुणी उरलं नाही त्यांच्या दगडावरही कुणीतरी एक ठेवून जातं.

येताना रस्त्यात भिंतींवर दगडी पाट्या दिसल्या. किराणा दुकानाशेजारी एक, बसस्टॉपमागे एक. लढाईच्या वेळी जर्मन सैनिकांनी तिथे माणसं रांगेत उभी करून गोळ्या घातल्या होत्या. त्या पाट्यांखालीही दिवे. इथल्या माणसाला भाजी आणायला जातानासुद्धा इतिहास ओलांडून जावं लागतं.

आप्पांना नमस्कार, लेक आठवण काढते म्हणावं. सानवीने मला एक कोट घेतला आहे, लाल.

तुमची,
राजश्री


लांजा,
२१ नोव्हेंबर २०२४

राजश्रीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी स्मशानात जाणारी बाई आमच्या घराण्यात तू पहिलीच. आल्यावर आंघोळ तरी केलीस का?

लाल कोट घेतला म्हणतेस. बरं झालं. या वयात लाल शोभतो की नाही हे आरसा सांगेल, मी कशाला सांगू? मला काही कोट नको. लांज्यात कोट घालून मी काय काजूच्या बिया वेचू?

तू लिहितेस केस कापले. किती कापले? खांद्यापर्यंत की त्याच्याही वर? आप्पा विचारत होते म्हणून विचारते. तिचे केस मी खोबरेल लावून लावून वाढवले होते. म्हणजे चौथीपर्यंत. पुढे तुझ्याकडे होती. धरणाच्या कॉलनीतली शाळा चांगली म्हणून पाचवीपासून दहावीपर्यंत अलोऱ्याला ठेवली, आणि सुट्टीत घरी आली की प्रत्येक घासाला "काकू असं करते, काकू तसं करते." मी गप्प बसून वाढत होते. तेव्हापासून जळते आहे मी तुझ्यावर. हो, जळते. लपवून काय मिळणार? तुझ्या पोटी मूल नाही म्हणून माझं तुझ्या पदरात टाकलं, सासूबाई म्हणाल्या, "दोघींचा होईल गो." दोघींचं काही होत नसतं. एकीचंच होतं.

काल शेजारची सखू दारात उभी राहून म्हणते, "काय गो वयनी, पोर तुमचा नि मजा तुमच्या जावंची!" मी म्हटलं, आयत्या बिळावर नागोबा असतो तसं असतं एकेकाचं. ती हसली. मी नाही हसले.

आप्पा दर रविवारी दुपारी काजूखाली जाऊन तिच्याशी फोनवर बोलतात. त्यांना वाटतं मला कळत नाही. ते परत येतात तेव्हा त्यांच्या तोंडावरून मला समजतं की ती बरी आहे. तेवढं पुरतं मला.

निघताना कुळथाचं पीठ आणि आमसुलं तुझ्यासाठी दिली आहेत, तिला देऊ नकोस. उरलंच तर तुझं तू बघ.

कसला तो देश, जिथे जाऊन दिवे लावायचे ते मेलेल्यांसाठी. दुसरं काही आहे की नाही तिथे बघण्यासारखं?

गोदावहिनी


वॉर्सा,
५ डिसेंबर २०२४

ती. गोदावहिनींस सप्रेम नमस्कार.

केस खांद्याच्या वर. आप्पांना सांगा.

नागोबा म्हणालात ते वाचून आधी राग आला, मग हसू आलं. आंघोळ केली होती.

बघण्यासारखं आहे का विचारलंत, तर ऐका. इथे जुनं गाव म्हणून एक भाग आहे. रंगीत घरं, दगडी चौक, घरांच्या कपाळावर नक्षी. मी म्हटलं, "किती जुनी गो ही घरं? तीन-चारशे वर्षं?" सानवी म्हणाली, "काकू, ही घरं आप्पांच्या वयाची आहेत." मला वाटलं माझी चेष्टा करते. पण खरं आहे. लढाईच्या शेवटी जर्मनांनी हे शहर ठरवून, गल्लीगल्लीने, सुरुंग लावून जमीनदोस्त केलं. उरला तो विटांचा ढीग. आणि ही माणसं परत आली. जुन्या चित्रकाराने काढलेली चित्रं समोर ठेवली, कुणी लपवून ठेवलेले नकाशे काढले, ढिगातल्याच विटा निवडल्या आणि होतं तसं सगळं पुन्हा उभं केलं. हायवे रुंद करताना आपल्याकडे हातखंब्याचा नाका बदलला, तर अमक्याचं हॉटेल नक्की कुठे होतं यावर आपण अजून वाद घालतो. यांनी खिडक्यासुद्धा होत्या तिथे बसवल्या.

अकरा नोव्हेंबरला यांचा स्वातंत्र्यदिन झाला. त्याच्याआधी सव्वाशे वर्षं हा देश नकाशावर नव्हताच म्हणे. तीन शेजाऱ्यांनी वाटून खाल्ला होता. शाळेत यांची भाषा बोलायला बंदी आली तेव्हा आयांनी स्वयंपाकघरात दार लावून पोरांना शिकवली. तोमेक हे सांगताना पहिल्यांदाच भरभर बोलला आणि सानवी त्याच्या तोंडाकडे बघत होती. वहिनी, ती सुखात आहे. हे वाचून तुम्हाला बरं वाटेल की वाईट, मला कळत नाही, पण लिहिते.

तोमेकची आजी हलीना जवळच राहते. अठ्ठ्याऐंशीची आहे, काठी टेकत येते आणि मला काही ना काही खायला लावते. उकडलेल्या करंज्या करतात इथे, आत बटाटा आणि चीज. मी भारतातून आले म्हटल्यावर पहिला शब्द काय काढावा तिने? "कोल्हापूर!" लढाईत देशोधडीला लागलेली पोलंडची हजारो माणसं कोल्हापूरजवळ छावणीत राहिली होती, त्यात तिची चुलतबहीण होती. म्हणजे इथेसुद्धा कोल्हापूरकरांनी आपल्या आधी नंबर लावून ठेवलाय.

नाताळाची तयारी चालू आहे. चोवीस तारखेला संध्याकाळी मोठं जेवण असतं. त्या दिवशी टेबलावर माणसांपेक्षा एक ताट जास्त मांडायची यांची रीत आहे. त्या ताटावर कुणी बसत नाही. सानवी म्हणाली, आमच्या घरात ते ताट आईच्या नावाचं. लग्न झाल्यापासून मांडते आहे. मला हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

पोस्ट बंद व्हायच्या आत टाकायचं आहे म्हणून थांबते.

तुमची,
राजश्री


लांजा,
१९ डिसेंबर २०२४

राजश्री,

पत्र परवा आलं. शेवटच्या चार ओळी वाचल्या आणि कागद चुलीत घालणार होते, आप्पांनी हातातून घेतला.

माझ्या नावाचं ताट मांडते! ज्याच्यावर कुणी बसत नाही असं! ते पान कुणाचं असतं हे मला शिकवायची गरज नाही. सासऱ्यांच्या म्हाळाला इतकी वर्षं मीच वाढते आहे. पान मांडायचं, डाव्या-उजव्यासकट सगळं वाढायचं, समोर कुणी बसायचं नाही आणि कावळा कधी शिवतो याची वाट बघायची. माझा म्हाळ घालते ती, मी जिवंत असताना! आणि वर्षातून एक दिवस मेलेल्यांसाठी दिवे लावणाऱ्या देशात राहून शिकली असेल, दुसरं काय.

मी म्हटलं होतं, मेले असं समज. हो, म्हटलं होतं. आई रागाने काय वाटेल ते बोलते. तू मरशील तर बरं असंही मी तिला लहानपणी तापात औषध पीत नव्हती तेव्हा म्हटलंय. म्हणून कुणी ते खरं धरून पान मांडतं का? दोन वर्षं मी वाट बघते आहे की ती एकदा येईल, दारात उभी राहील, मी शिव्या घालीन, ती रडेल, मग मी तांदळाची भाकरी टाकीन. आणि ती तिकडे मला वाढून मोकळी झाली.

आणि तू! तुला हे गोड वाटलं. "सांगावंसं वाटलं." तू त्या पानाच्या शेजारी लाल कोट घालून बसशील आणि करंज्या खाशील. माय मरो नि मावशी जगो म्हणतात, आमच्याकडे काकू जगली. पुरी झाली ना हौस? आता तिच्याजवळ दुसरी आई नाही, तू एकटीच. सांभाळ.

आप्पांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "आधी नीट विचारून घे गो." त्यांना काय जातंय? त्यांचं पान नाही मांडलं कुणी.

काल नुसत्या चहावर राहिले. आज त्यांनी हाताने पेज करून दिली.

गोदा


वॉर्सा,
२ जानेवारी २०२५

ती. वहिनींस नमस्कार.

तुमचं पत्र एकतीसला आलं. मी ते सानवीला दाखवलेलं नाही. दाखवणारही नाही. ताट तर चोवीसलाच मांडून झालं होतं, त्यामुळे तुम्ही तिकडे संतापलेल्या आणि आम्ही इकडे जेवत होतो. माझ्या घाईने हे झालं. पण वहिनी, आता हे पत्र शेवटपर्यंत वाचा, चुलीजवळ बसून वाचू नका.

त्या दिवशी आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कुणी जेवायला बसत नाही. टेबलावर पांढरी चादर, तिच्याखाली थोडं वाळलं गवत पसरतात. मटण-कोंबडी नाही, बिटाचं सार, मासे, उकडलेल्या करंज्या. बारा पदार्थ व्हावे लागतात. अकरा झाले. बारावा सानवीने केला, कुळथाची पिठी. "तिला देऊ नकोस" म्हणून तुम्ही पाच किलो दिलंत ना, मी एकटी काय वर्षभर खाणार होते? तुम्हीही ते जाणूनच दिलंत.

तोमेकची बहीण, तिची मुलं, हलीना आजी, अशी माणसं जमली. गुडघे दुखत होते, हीटरजवळची खुर्ची मोकळी दिसली, मी बसायला गेले. सानवी स्वयंपाकघरातून ओरडली, "काकू, तिथे नको! ती आईची."

सगळे बघायला लागले. मी उठले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. वहिनी, जळायचा मक्ता काय तुमच्या एकटीकडेच आहे? अलोऱ्याला सहा वर्षं तिच्या वेण्या मी घातल्या. गोवर आला तेव्हा उशाशी मी होते. समुद्र ओलांडून, लोकर पांघरून आले मी, आणि खुर्ची तुमची. तुम्ही आला नाहीत, फोन उचलला नाहीत, वाटेल ते बोललात, तरी तुमचीच. जेवण होईपर्यंत मी त्या रिकाम्या ताटाकडे बघत होते. एका ताटाचा मला हेवा वाटला. तुम्ही सगळं टाकून दिलंत तरी ते तुमचं राहतं, आणि मी इतकं करून पाहुणीच.

तुमच्या मनात आलं तेच ताट बघून माझ्याही मनात आलं. आपण म्हाळ घालणारी माणसं, दुसरं काय येणार? म्हणून मी हलीना आजींना सरळ विचारलं, हे मेलेल्यांचं पान का? सानवीने त्यांच्या भाषेत विचारलं. म्हातारी काठी आपटून काय रागावली!

मग तिने सांगितलं. ती चार वर्षांची असताना रशियन सैनिक आले आणि तिच्या बापाला घेऊन गेले. पुन्हा बातमी नाही. लढाई संपल्यावर आई तिला घेऊन या शहरात आली तेव्हा इथे विटांचे ढीग होते. आईने त्या विटा उचलल्या, रांगेत उभी राहून हातोहात पुढे दिल्या, त्यातून ती घरं उभी राहिली जी मी जुनी समजले होते. एका खोलीत राहायच्या. टेबल नव्हतं, खोक्यावर जेवायच्या. पण चोवीस तारखेला त्या खोक्यावर दोघींची दोन नि त्याचं तिसरं ताट. नातेवाईक म्हणायचे, आता नोव्हेंबरात त्याच्या नावाने दिवा लाव, मनाची समजूत घाल. ती म्हणायची, "दिवा मेलेल्याला. ताट येणाऱ्याला. एका माणसाला दोन्ही देता येत नाहीत."

मी विचारलं, "आला का?"

"नाही," आजी म्हणाली. "पण आई होती तोवर आमच्या घरात त्याच्या नावाचा दिवा लागला नाही."

सानवी हे मराठीत सांगता सांगता मधेच थांबली. पाणी प्यायली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू, आई म्हणाली मेले असं समज. मी नाही समजले. म्हणून ताट."

मी सत्तावीस तारखेला निघते. ती खुर्ची हीटरजवळची आहे, तुमच्या गुडघ्यांना बरी पडेल.

राजश्री


लांजा,
१६ जानेवारी २०२५

राजश्रीस अनेक आशीर्वाद.

स्पीड पोस्टने टाकते आहे, तू निघायच्या आत पोचेल असं पोस्टातला म्हणाला.

तुझं पत्र तेराला आलं. चुलीजवळ नाही वाचलं, पायरीवर बसून वाचलं. आप्पांनी आतून विचारलं, "काय म्हणते?" मी म्हटलं, "थंडी आहे म्हणते." मग बराच वेळ आत गेले नाही.

तू माझ्या खुर्चीवर बसायला गेलीस आणि तुला उठवलं, हे वाचून मला काय वाटलं ते सांगू? बरं वाटलं. देवाशप्पथ बरं वाटलं. वाईट वाटलं ते मागाहून, दुपारी. अलोऱ्याची सहा वर्षं तुझ्याकडे आहेत, ती मला आता कुणी आणून द्यायचं नाही. तेव्हा खुर्ची माझ्याकडे असू दे. तू शेजारी बस. स्टुलावर नको बसूस, कंबर धरेल.

कोट परत आणू नकोस. म्हणजे आण, मला घालून बघायचा आहे. तुझ्यापेक्षा मी गोरी आहे, लाल मला जास्त शोभेल.

गेल्या जूनमध्ये आप्पांबरोबर रत्नागिरीला जाऊन पासपोर्ट काढून आले होते. तुला सांगितलं नव्हतं. कपाटात साड्यांखाली आहे. कधीमधी त्यातला फोटो बघते, चोरासारखा आलाय.

पिठीत लसूण घातली होती का तिने? पातळ झाली असणार, तिला अंदाज नाही. तू विचारू नकोस, मीच विचारीन. सव्वीसच्या रविवारी आप्पा काजूखाली जातील तेव्हा मागोमाग जाणार आहे. तिला आधी सांगू नकोस, घाबरेल. आणि मी बोलत असताना तू मधे तोंड घालू नकोस. त्या मुलालाही जवळ बसवून ठेव. तोमेक.

परवा संक्रांत झाली. तिळाची वडी केली, भोगीची भाजी उरली होती ती गरम केली. दोघांची ताटं घेतली आणि तिसरं मांडलं. आप्पांनी सरकून त्या ताटाला जागा केली. त्यात मी काही वाढलं नाही. येणाऱ्या माणसाला आल्यावर गरम वाढायचं असतं.

जेवायला बसलो तर खिडकीच्या गजावर कावळा. मान वाकडी करून त्या ताटाकडे बघत होता मेला. मी भाताचा डाव घेऊन तशीच उष्ट्या हाताने उठले. म्हटलं, चल, हो तिकडे. हे तुझं नाही.

गोदावहिनी